पाच रात्री आणि थायलंडचं बेट: समुईला जायचं तर आधी महिना ठरवा, मग हॉटेल

तुमचा प्रश्न आधी एकदा माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही दोघं, ६ वर्षांची मुलगी आणि ६७ वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात आणि ज्या पूर्ण शाकाहारी आहेत. मुंबईहून शुक्रवारी रात्री ऑफिस करून निघायचं, बुधवारी रात्री घरी. जायचं एक तर दिवाळीच्या सुट्टीत, नाहीतर मुलीची परीक्षा झाल्यावर एप्रिलच्या शेवटी. यादीत बँकॉक, फुकेत, फी फी आणि कोह समुई (कोह म्हणजे बेट), आणि विचारलंय की समुईला दोन दिवस पुरतील का.

मी गेली चौदा वर्षं डोंबिवलीत बसून लोकांना थायलंडचे प्लॅन बनवून देते, वर्षातून एक-दोनदा स्वतः ग्रुप घेऊन जाते आणि त्यात समुई जास्त वेळा झालंय. तेवढ्या अनुभवावर सांगते, दोन दिवस पुरतील का हा तुमचा खरा प्रश्न नाहीये. पाच रात्रींमधून बेटावरचे, जागेपणीचे, मोकळे असे तास किती उरतात आणि त्या तासांत समुद्र पोहण्यासारखा असेल का, हा खरा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर तिकिटांवर अवलंबून, दुसऱ्याचं महिन्यावर. हॉटेल कुठलं, टूर कुठली, हे सगळं त्यानंतर.

आधी महिना, कारण इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. थायलंडला समुद्र दोन आहेत. पश्चिमेला अंदमान समुद्र, त्यात फुकेत, क्राबी, फी फी, लांता. पूर्वेला थायलंडचं आखात, त्यात समुई, फांगान, ताओ. नकाशात दोन्ही बाजू अगदी जवळ दिसतात, पण त्यांचा पावसाळा वेगवेगळा. जो नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणतो तोच साधारण मे ते ऑक्टोबर फुकेतच्या बाजूला धडकतो, आणि मधल्या डोंगरांमुळे समुईला त्याचा त्रास कमी होतो. मग वारा फिरतो. आपल्या तमिळनाडूला जसा ईशान्येचा पाऊस वर्षाच्या शेवटी झोडपतो तसंच समुईचं, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, आणि सगळ्यात वाईट महिना नोव्हेंबर. म्हणजे आपली दिवाळी बरोबर त्यात सापडते. आपले लोक फिरायला निघतात दिवाळीत आणि मे महिन्यात, आणि गंमत बघा, दिवाळीत समुई ओलं आणि मेमध्ये फुकेतची बाजू ओली व्हायला सुरुवात. जाहिरातींमध्ये दोन्हीकडचे फोटो बारा महिने निळेच असतात.

मी स्वतः एका नोव्हेंबरमध्ये हे भोगलंय. माझं काम तेव्हा नवीन होतं, एका एजंटाने सांगितलं की एखादी सर येते नि जाते, मी विश्वास ठेवला आणि अकरा जणांना घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी आम्हाला फेरीने मुख्य भूमीवर जाऊन तिथून बँकॉकचं विमान पकडायचं होतं. धक्क्यावर पोचलो तर लाटा बोटीच्या रॅम्पवरून आत येत होत्या, फेरी बंद, पुढची कधी ते कोणी सांगत नाही. ग्रुपमधले एक आजोबा, सत्तरीचे, प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर औषधांची पिशवी घेऊन साडेचार तास बसून होते, एका शब्दाने बोलले नाहीत. विमान गेलं, बँकॉकची रात्र गेली, नवीन तिकिटांचे पैसे गेले. आजोबा काही बोलले नाहीत हेच मला जास्त लागलं. त्यानंतर मी नोव्हेंबरात समुई कोणालाही दिलेलं नाही, कितीही स्वस्त मिळू दे.

म्हणून तुमच्यासाठी सरळ सांगते. दिवाळीतच जायचं असेल तर समुई यादीतून काढा. अंदमानच्या बाजूला क्राबीजवळचं आओ नांग किंवा कोह लांता असं एकच ठिकाण धरा, तिथला पाऊस तेव्हा सरत आलेला असतो, एखाद-दुसरी सर येईल पण दिवस वाया जाणार नाहीत. आणि एप्रिल जमत असेल तर समुई डोळे मिटून. एप्रिलमध्ये तिथला समुद्र शांत असतो, पाणी स्वच्छ. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे १३ ते १५ एप्रिल त्यांचं नवीन वर्ष, सोंगक्रान, रस्त्यारस्त्यावर पाण्याचा सण, अख्खा देश सुट्टीवर, विमानं फुल. तुम्ही शेवटच्या आठवड्यात जाताय म्हणजे ते टळतं. दुसरं म्हणजे ऊन. अकरा ते साडेतीन आईंना बाहेर काढायचंच नाही असं धरून दिवस आखायचा. मी पुढे जे लिहितेय ते एप्रिल धरूनच.

आता तासांचा हिशोब, कागदावर मांडूनच करा. मुंबई ते बँकॉक साडेचार तासांच्या आत-बाहेर, आणि थायलंड आपल्या दीड तास पुढे. शुक्रवारी मध्यरात्रीच्या आसपास निघालात तर शनिवारी पहाटे सहाच्या सुमारास सुवर्णभूमी एअरपोर्ट. इमिग्रेशन, बॅगा, मुलीचं दूध-बिस्किट, पुढे समुईचं विमान साधारण तासाभराचं. समुईला उतरता उतरता अकरा वाजतात आणि खोली मिळते दोन-तीनला. म्हणजे शनिवार अर्धा. बुधवारी दुपारच्या विमानाने निघून संध्याकाळचं मुंबईचं विमान, म्हणजे बुधवार सकाळपुरताच. पहिली रात्र विमानात गेली, जमिनीवर उरल्या चार. पूर्ण दिवस उरले तीन. रविवार, सोमवार, मंगळवार. बस.

या तीन दिवसांत फुकेत घातलं तर काय होतं ते बघा. समुई ते फुकेत थेट विमान आहे, उडतं तासभरच, पण हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मी कधी पाच तासांच्या आत पोचलेली नाही, त्यात सकाळी बॅगा भरणं आणि संध्याकाळी परत उघडणं. एक दिवस गेला. मग फी फी म्हणजे स्पीडबोटीचा एक दिवस. समुईला काय उरलं, एक पूर्ण दिवस, आणि बँकॉक घातलं तर तोही गेला. चार ठिकाणी गेलो असं सांगता येतं पण मुलगी घरी आल्यावर सांगणार एअरपोर्टचंच. माझं म्हणणं एकच आहे, चार रात्रींत एक बेट, एक हॉटेल, एक पलंग. बँकॉकसुद्धा यावेळी सोडा. बँकॉक पुढे कधीही करता येतं, त्याला समुद्र शांत असावा लागत नाही.

(हा, जर तुम्ही दोघंच असता, पंचविशीतले, पाठीवर सॅक, तर मी वेगळं सांगितलं असतं. समुईला उतरून बोटीने फांगान, मग ताओ, करा खुशाल.)

विमानाबद्दल. समुईचं तिकीट बघून तुम्हाला वाटेल काहीतरी चुकलं, कारण बँकॉक ते फुकेत जेवढ्यात होतं त्याच्या दुप्पट कधी तिप्पट समुईचं दाखवतं. चुकलेलं नाही. समुईचं एअरपोर्ट सरकारी नाही, बँकॉक एअरवेज कंपनीने स्वतः बांधलं, १९८९ मध्ये सुरू झालं, आजही त्यांचंच आहे आणि बहुतेक विमानंही त्यांचीच. स्वस्त रस्ता आहे, सुरत थानीपर्यंत स्वस्त विमान, तिथून बसने डोनसाकचा धक्का, मग दीडेक तासाची फेरी. पैसे वाचतात, पण जाताना अर्धा दिवस, येताना अर्धा दिवस. दहा दिवस असते तर मी हाच रस्ता सांगितला असता. तीन पूर्ण दिवसांतला एक दिवस देऊन पैसे वाचवणं, आणि तेही आईंना बस-बोट-बस करायला लावून, मला पटत नाही. त्यापेक्षा हॉटेल एक पायरी साधं घ्या आणि थेट विमान घ्या.

जाता जाता, सुरत थानी हे नाव आपल्या सुरतेवरूनच आलंय. राजा वजिरावुध यांनी १९१५ मध्ये ते दिलं आणि तिथल्या नदीचं नावही तापी ठेवलं. आमच्या ग्रुपमध्ये जळगावच्या एक काकू होत्या, बसच्या खिडकीतून त्यांना नदी दाखवून ‘ही तापी’ म्हटलं तर त्यांनी आधी हात जोडले आणि मग विचारलं, खरंच का गं?

तिकीट काढताना दोन गोष्टी तपासा. बँकॉकला एअरपोर्ट दोन आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग, शहराच्या दोन टोकांना. समुईची बहुतेक विमानं सुवर्णभूमीवरून जातात, त्यामुळे मुंबईहूनही सुवर्णभूमीलाच उतरणारं घ्या. आणि शक्य असेल तर दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं उशिरा आलं तर पुढचं बदलून देणं त्यांची जबाबदारी. वेगवेगळी काढलीत तर मधे किमान तीन तास, लहान मूल आणि वयस्कर माणूस असेल तर मी चार धरते. परतीलाही हेच.

आता राहायचं कुठे. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण एकदा हॉटेल नीट पडलं की बाकीच्या चुका सांभाळून घेता येतात. बेटाभोवती रिंग रोड आहे, पन्नास-एक किलोमीटरचा, आणि किनारे सगळे त्याच्या कडेने. पूर्वेला चावेंग, सगळ्यात प्रसिद्ध, वाळू खरंच सुंदर पिठासारखी, पण रस्ता गर्दीचा आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. त्याच्या उत्तर टोकाला ओहोटीला पाणी लांब जातं आणि खडक उघडे पडतात. खाली लमाई, चावेंगपेक्षा शांत, काही भागात पाणी पटकन खोल होतं. उत्तरेला मे नाम, अजून शांत, वाळू जाडसर. त्याच बाजूला बोफुत, जुन्या लाकडी घरांची कोळ्यांची वस्ती, आता तिथे दुकानं आणि खाण्याची ठिकाणं, संध्याकाळी आईंना हात धरून सपाट रस्त्यावर चालता येईल अशी गल्ली. तिथे शुक्रवारचा बाजार गाजलेला आहे, तुमच्या तारखांत शुक्रवार येत नाही पण त्याची चुटपुट नको, इतर दिवशी गल्ली जास्त निवांत असते. ईशान्य कोपऱ्यात चोएंग मोन, छोटा अर्धगोल किनारा, पाणी उथळ, लाट कमी, एअरपोर्ट जवळ.

तुमच्या चौघांसाठी माझी निवड चोएंग मोन. दुसरी बोफुत. दोघांनाच जायचं असतं तर चावेंगचं मधलं अंग सांगितलं असतं.

हॉटेल बघताना मात्र ‘सी व्ह्यू’ या शब्दाकडे जरा संशयाने बघा. समुई मधून डोंगराळ आहे, आणि समुद्र छान दिसतो म्हणजे बऱ्याचदा हॉटेल चढावर आहे आणि खोली ते नाश्ता शंभर पायऱ्या. फोटोंमध्ये पायऱ्या दाखवत नाहीत. मी काय करते तर नकाशावर सॅटेलाइट चित्र लावते, हॉटेलचं छप्पर आणि वाळू यांच्यामध्ये रस्ता येतो का, चढ आहे का ते बघते, आणि मग पाहुण्यांनी स्वतः काढलेले फोटो बघते, त्यात पायऱ्या, ओला जिना, बाथटबचा उंच काठ सगळं दिसतं. बाथटब हे गुडघेदुखीवाल्यांसाठी खरं संकट, त्यात चढून आंघोळ करावी लागते. तुम्ही बुकिंग केल्यावर हॉटेलला मेल टाका, तळमजल्याची खोली, बाथटब नको उभा शॉवर हवा, दोन खोल्या शेजारी-शेजारी, आणि आम्ही शनिवारी अकराला पोचतोय, लवकर खोली मिळाली तर बरं नाहीतर बॅगा ठेवून स्विमिंग पूल वापरू द्या. चार ओळींचा मेल, पण आजवर याच्यामुळे जेवढी कटकट वाचली तेवढी महाग हॉटेल घेऊन वाचली नाही.

दिवसांची आखणी मी अशी करेन. शनिवारी काहीही ठरवू नका, जेवण, झोप, संध्याकाळी समुद्र.

रविवारी सकाळी साडेसातला पाण्यात, दहाला बाहेर. दुपारी झोप. संध्याकाळी बोफुत.

सोमवारी बोट. इथे तुम्हाला सगळे आंग थोंगची टूर विकायला येतील, ४२ बेटांचं राष्ट्रीय उद्यान आहे, आणि खरंच फार सुंदर आहे, मी सहा वेळा गेलेय तरी अजून मन भरलं नाही. पण त्यातल्या दोन मुख्य जागा म्हणजे मे को बेटावरचं हिरवं तळं आणि वुआ ता लाप बेटावरचा व्ह्यू पॉइंट. तळ्याला लोखंडी, जवळजवळ शिडीसारखा उभा जिना. व्ह्यू पॉइंट म्हणजे पाचशे मीटरची चढण, वरचा भाग दोराला धरून टोकदार खडकांवरून. आईंसाठी अजिबात नाही, ६ वर्षांच्या मुलीसाठीही वरचा भाग नाही. शिवाय स्पीडबोट लाटेवर आपटते, कमरेचा-गुडघ्याचा त्रास असणाऱ्याला तो हादरा सहन होत नाही. (हे उद्यान दरवर्षी नोव्हेंबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत साधारण बंदच असतं, दिवाळीत न जाण्याचं अजून एक कारण.)

त्याऐवजी बेटाच्या दक्षिण टोकाला थोंग क्रुत नावाची जागा आहे, तिथून लांब लाकडी बोटी मिळतात, समोरच कोह तेन आणि कोह मादसुम ही दोन छोटी बेटं, पाऊण तासाच्या आतच पोचता. मादसुमवर डुकरं किनाऱ्यावर फिरतात, मुलीला ती आयुष्यभर लक्षात राहतील. फक्त हे लक्षात घ्या की उतरताना धक्का असेलच असं नाही, बोटीच्या छोट्या शिडीवरून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. आईंना ते जमेल का ते तुम्ही ठरवा, मला इथून सांगता येणार नाही. नाही जमलं तर त्या सकाळी एकाने हॉटेलवर आईंबरोबर थांबा आणि दुसऱ्याने मुलीला घेऊन जा, त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही. सकाळी आठची बोट घ्या, अकरानंतर ऊन आणि वारा दोन्ही वाढतात. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नाही, अर्धा-पाऊण तास आधी, आणि मुलीसाठी डोस तुमच्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

मंगळवारी ड्रायव्हरसकट गाडी अर्ध्या दिवसासाठी. वाट प्लाय लाएम (वाट म्हणजे तिकडचं देऊळ), तळ्यातली अठरा हातांची ग्वानयिन देवीची मूर्ती, मुलीला माशांना खायला घालता येतं. जवळच वाट फ्रा याय, बारा मीटरचा सोनेरी बुद्ध, तिथे मूर्तीपाशी जायला पायऱ्या आहेत, आईंनी खालून दर्शन घेतलं तरी चालेल. लमाईचे हिन ता हिन याय खडक. वाट खुनाराममध्ये १९७३ मध्ये ध्यानस्थ अवस्थेत वारलेल्या भिक्खूंचा देह काचेत ठेवलाय, डोळ्यांवर काळा चष्मा आहे, काही मुलं घाबरतात, आधी तुम्ही बघून मग मुलीला न्या. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आईंची साडी उत्तमच, तुमची अर्धी चड्डी चालणार नाही. वाटेत दुकानांमध्ये गणपती दिसतील, तिकडे त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, आईंना दाखवा. हत्तीवरची सवारी कोणी विकायला आलं तर नाही म्हणा, ती पाठ माणसं वाहायला नसते.

कोह ताओला डायव्हिंग करायचं तुमच्या मनात असल्याचं तुम्ही शेवटी लिहिलंय. बोटीने एका बाजूने दीड-दोन तास, आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या तर विमानात बसायच्या आधी किमान अठरा तास जावे लागतात. तुमच्या प्लॅनमध्ये हे बसवायचं तर तीन पूर्ण दिवसांतला एक जातो आणि तेव्हा घरचे एकटे पडतात. यावेळी सोडा.

जेवण. आईंसाठी एक शब्द पाठ करा, ‘जे’. पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर असलेली दुकानं म्हणजे जे जेवण, त्यात मांस, मासे, अंडं, दूध काही नाही आणि कांदा-लसूणसुद्धा नाही, म्हणजे चातुर्मास पाळणाऱ्यांनाही चालेल. ‘मांगसविरत’ म्हणजे शाकाहारी, पण साध्या हॉटेलात तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे जसं मीठ तसं तिकडे माशाचा सॉस, नाम प्ला. भाजीत तो घातला तर त्यांच्या हिशोबाने ती भाजीच. म्हणून ‘मै साई नाम प्ला’, नाम प्ला घालू नका, आणि पपईच्या सॅलडला ‘मै साई कुंग हेंग’, सुकट घालू नका. हे थाई अक्षरांत लिहून घेऊन मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि दाखवा, आपला उच्चार त्यांना कळत नाही कारण त्यांची भाषा सुरांवर चालते. चावेंगला भारतीय जेवण मिळतं, तरी पहिल्या रात्रीसाठी मेतकूट-भाताची सोय बॅगेत असू द्या.

पाण्यातल्या दोन गोष्टी गांभीर्याने घ्या. लाल झेंडा असेल तर घोट्यापलीकडे जायचं नाही, हॉटेलचा माणूस काहीही म्हणो. आणि जेलीफिश. समुई-फांगानच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात, रोज दिसत नाहीत, पण जीव गेल्याच्या घटना झाल्यात. म्हणून किनाऱ्यावर खांब दिसतील, त्याला जाळीत व्हिनेगरच्या बाटल्या. एकदा चोएंग मोनला अशीच बाटली हातात घेऊन बघितली, उन्हाने लेबल पांढरं पडलेलं पण आत काठोकाठ भरलेली, कोणीतरी नियमाने भरतं. पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी तुमच्या हॉटेलसमोरचा खांब कुठे आहे ते मुलीला घेऊन शोधून ठेवा. डंख झालाच तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही, निदान अर्धा मिनिट व्हिनेगर आणि लगेच मदत. मुलीला पूर्ण बाह्या-पूर्ण पायांचा लायक्राचा सूट घ्या, जेलीफिश आणि ऊन दोन्हीला उपयोगी. सनस्क्रीनवर ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट लिहिलेलं असेल तर ती घरीच ठेवा, २०२१ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळासाठी अशा क्रीमवर बंदी आहे.

स्कूटर भाड्याने घ्यायचा मोह होईल, सगळेच देतात, लायसन्ससुद्धा विचारत नाहीत. घेऊ नका. आरटीओकडून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघात झाल्यावर इन्शुरन्स हात वर करतो, आणि समुईच्या वळणांवर वाळू असते. चौघं आहात, गाडीच परवडते. टॅक्सी मीटरने जात नाही, बसायच्या आधी भाव ठरवा, नाहीतर ग्रॅब अ‍ॅपवर बघा. ट्रॅव्हल इन्शुरन्स मात्र चौघांचा काढाच, आईंचे आधीचे आजार त्यात लिहून.

कागदपत्रं. व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, नोव्हेंबर २०२३ पासून आपल्याला व्हिसाशिवाय प्रवेश मिळायला लागला, पण तिकीट काढायच्या दिवशी थाई दूतावासाच्या साइटवर स्वतः बघा, माझ्यावर किंवा कोणावरही विसंबू नका. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत, प्रत्येकाचं वेगळं, मुलीचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही, बंद करा. पासपोर्ट सहा महिने शिल्लक, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून, आणि थोडी रोकड जवळ. एटीएममधून काढलं की दरवेळी दोनशेच्या वर बाथ (तिकडचं चलन) फी जाते म्हणून एकदाच जास्त काढा, आणि मशीन रुपयांत बदलून देऊ का विचारतं तेव्हा नाही दाबा. ई-सिगारेट कोणी ओढत असेल तर इथेच ठेवून जा, तिकडे बेकायदेशीर आहे.

आता उरली बुधवारची सकाळ. बहुतेक लोक ती बॅगा भरण्यात घालवतात. तुम्ही मंगळवारी रात्री भरून ठेवा, सकाळी सातला मुलीला घेऊन शेवटचं पाण्यात जा, आणि हॉटेलमधून निघताना ड्रायव्हरला वाटेतल्या बाजारात दहा मिनिटं थांबवा. तिथे कालामे मिळतं, नारळाचं दूध, चिकट तांदळाचं पीठ आणि गूळ-साखर तासन्‌तास घोटून केलेली काळी, लवचीक वडी, पानात किंवा कागदात गुंडाळलेली. पहिल्यांदा तोंडात टाकली तेव्हा मी गोंधळलेच, हा तर आपल्या गोव्याचा दोदोल. नंतर कळलं की खरंच एकाच घराण्यातले पदार्थ आहेत. विकणाऱ्या बाईंना आधी विचारा की आज केलेलं आहे का, ताजं असेल तर बोटाने दाबल्यावर परत वर येतं. त्यात नुसता नारळ, तांदूळ आणि गोड, त्यामुळे आईंनाही निर्धास्त देता येईल. दोन पुडे घ्या, एक बँकॉकच्या एअरपोर्टवरच संपतो.